चालत जाण्याजोगे अंतर

पुण्यातील प्रभात रस्त्याला ज्या कंपनीचे नाव मिळाले, ती प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून येथे आली. तिच्या स्टुडिओच्या आवारात १९६० पासून चित्रपटांचे शिक्षण देणारी संस्था आहे. रस्ता मात्र अजून कंपनीच्याच नावाने ओळखला जातो. त्याला दोन्ही अंगांनी फुटणाऱ्या गल्ल्या लोक क्रमांकांनी सांगतात. काळ्या दगडाचे जोते, पुढे पोर्च, मागे विहीर किंवा बुजवलेल्या विहिरीची खूण, कुंपणालगत बुचाचे नाहीतर बकुळीचे झाड, अशा घाटाचे काही बंगले येथे शिल्लक आहेत. बाकीच्यांच्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या, आणि पाडलेल्या बंगल्यांची नावे त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली.

अशाच एका गल्लीत माझी थोरली बहीण राहते. लग्न होऊन ती १९७४ मध्ये येथे आली, तेव्हा मी शाळेत होते. सुट्टी लागली की वाईहून एस.टी.ने स्वारगेटला उतरायचे आणि ताईकडे पंधरा दिवस राहायचे, हा माझा नेम होता. त्या वेळी दुपारी गल्लीत झोप लागणे कठीण असे. इतकी मुले, इतक्या सायकली आणि चेंडू शोधायला दर दहा मिनिटांनी कुणीतरी आवारात शिरलेले. आज मी पुन्हा दर दोन महिन्यांनी पंधरा दिवस ताईकडे राहायला जाते. माझ्या मेहुण्यांना स्मृतिभ्रंश आहे. ताई सत्तरी कधीच ओलांडून गेली. तिला काही रात्री सलग झोप मिळावी, एवढाच माझ्या जाण्याचा उद्देश असतो.

या गल्लीचे आजचे रूप पाहायचे असेल तर सकाळी पावणेआठला फाटकाशी उभे राहावे. कॅनॉल रस्त्याच्या बाजूने एकेक बाई येऊ लागते. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, डोक्यावर स्कार्फ. बरोबर आठ वाजता फाटके वाजतात, आणि रात्रभर जागलेल्या दुसऱ्या बायका त्याच फाटकांतून बाहेर पडतात. बारा तासांची पाळी बदलते. ताईने एकदा बोटांवर मोजले होते: गल्लीतील २२ घरांपैकी ११ घरांत ब्यूरोकडून आलेली मावशी आहे. कुठे अंथरुणाला खिळलेली आई, कुठे पक्षाघाताने एक बाजू गेलेले वडील, कुठे नुसतीच ९० वर्षांची एकटी बाई, जिला रात्री उठून न्हाणीघरापर्यंत जाण्याची भीती वाटते. मुले बंगळुरूला, न्यू जर्सीला, नाहीतर शहराच्याच दुसऱ्या टोकाला. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मांडला गेला. तो आकडा वाचताना डोळ्यांपुढे काही येत नाही. सकाळी आठ वाजता या गल्लीत उभे राहिले की येते.

गेल्या श्रावणात शेवटून तिसऱ्या बंगल्याच्या फाटकावर एक कागद लागला. मालकीणबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या; मुले परदेशी. त्यांनी वास्तू विकण्याऐवजी दहा वर्षांच्या करारावर द्यायचे ठरवले होते. घेणारे जोडपे तरुण, नवरा फिजिओथेरपिस्ट, बायको परिचारिका. कागदावर छापले होते, ‘नियोजित ज्येष्ठ नागरिक शुश्रूषा केंद्र, १८ खाटा’. संध्याकाळपर्यंत गल्लीने त्याचे आपल्या भाषेत रूपांतर केले: वृद्धाश्रम येतोय. आणि त्या एका शब्दासरशी लोकांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते छापील शब्दाने उमटले नसते. ‘वृद्धाश्रम’ म्हटले की आपल्याकडे अजून टाकून दिलेले आईबाप आठवतात. निराधारांचे वृद्धाश्रम आणि आजारी माणसाची रात्रंदिवस शुश्रूषा करणारे घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्हागणिक किमान १५० जणांच्या सोयीचे वृद्धाश्रम असावेत असे म्हटले आहे ते निराधारांसाठी. येथे मात्र पैसे भरून, मुलांच्या संमतीने, बहुधा याच परिसरातील माणसे येणार होती. पण हा फरक पहिल्या आठवड्यात कुणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. विरोधाचा अर्ज तयार झाला, आणि त्यावर १४ घरांच्या सह्या पडल्या.

रविवारी सकाळी एका पोर्चमध्ये बैठक झाली. ताईने मावशींना मेहुण्यांजवळ बसवले आणि मला बरोबर नेले. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, आणि सरासरी वय पंचाहत्तरच्या घरात. विरोध करणारेच उद्याचे लाभार्थी आहेत, असे एखाद्या बाहेरच्या माणसाने सहज म्हटले असते. माझ्याही मनात ते आले. पण आक्षेप ऐकत गेले तसे त्यांतील काही मला रास्त वाटले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ कागदावर मुद्दे लिहून घेऊन आले होते. गल्ली एवढी अरुंद की दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागते. मग रुग्णवाहिका कोठून येणार? जखमांचे कापूस, पट्ट्या, सुया यांची विल्हेवाट कोण लावणार? वरच्या मजल्यावर जाणारा जिना लाकडी आहे. आग लागली तर चालता न येणारी नऊ माणसे खाली कशी उतरवणार? हे शेवटचे वाक्य त्यांनी विरोध म्हणून उच्चारले, पण त्या सकाळी रुग्णांच्या बाजूने पहिल्यांदा कुणी बोलले असेल तर ते तेच होते.

नव्या इमारतीत राहणाऱ्या एका तरुण बापाची अडचण निराळी होती. त्याची मुलगी सहा वर्षांची. “रोज तिच्यासमोर अंत्ययात्रा निघणार का?” असे तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. त्यावर कोपऱ्यात बसलेल्या ८८ वर्षांच्या आजी म्हणाल्या, “अरे, निघतातच की आताही. वाड्यात तर माजघरातून निघायच्या, आणि आम्ही पोरं तिथंच जेवायला बसायचो.” मग त्यांनी पानशेतच्या पुराची गोष्ट सांगितली. १२ जुलै १९६१ ला धरण फुटून नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी घरात १४ माणसे आणून ठेवली होती. त्यांत एक बाळंतीण होती आणि एक क्षयाचा रोगी होता. “तीन आठवडे होते. सह्या नव्हत्या घेतल्या कुणी.” लोक हसले. पण पुराची तीन आठवड्यांची पाहुणचारी आणि दहा वर्षांचा करार यांत अंतर आहे, हेही सगळ्यांना कळत होते.

मग पाटबंधारे खात्यातले गृहस्थ आपल्या यादीतील पुढचा मुद्दा वाचू लागले. रात्रीची शांतता. “अशा ठिकाणी काही पेशंट रात्ररात्र ओरडतात. आपल्या वयाच्या माणसांना झोप…” येथे ते थांबले.

माझे मेहुणे ओरडतात. दिवेलागणीला त्यांची अस्वस्थता वाढू लागते. स्मृतिभ्रंश असलेल्या पुष्कळ माणसांचे तसेच होते. दिवसाचा उजेड ओसरला की ओळखीचे घरही परके वाटू लागते, आणि ‘मला घरी जायचंय’ हा घोष सुरू होतो. मेहुणे रात्री दोन-अडीचला उठून आपल्या वडिलांना हाका मारतात. दगडी घर असले तरी खिडक्या उघड्या असतात. समोरच्या, शेजारच्या, पलीकडच्या घरांत ती हाक पोहोचत नसेल असे म्हणण्यात अर्थ नाही.

पोर्चमध्ये कुणी हलले नाही. ते गृहस्थ म्हणाले, “वहिनी, मला तसं म्हणायचं नव्हतं.”

ताईने हातातला कप खाली ठेवला. “आवाज येतो हे मला ठाऊक आहे. दोन वर्षं झाली. तुम्ही कुणीही तक्रार केली नाहीत, हेही मला ठाऊक आहे.” एवढे बोलून ती उठली, कारण तिला परत जाण्याची वेळ झाली होती. दोन तासांहून जास्त वेळ मेहुण्यांची कूस बदलली नाही तर पाठीला जखम होते, आणि एकट्या मावशींना ते जड जातात.

रस्त्यातून येताना ती मला म्हणाली की आपल्याला अजून काहीच ठरवता आलेले नाही. केंद्र झाले तर ती त्यांना तेथे ठेवील की नाही, हे तिला सांगता येत नव्हते. जागा बदलली की अशा रुग्णाचा गोंधळ काही काळ वाढतो. दुसरीकडे, ती स्वतः पडली, खुब्याचे हाड मोडले, तर काय? ही ‘तर काय’ची रात्र प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याच्या घरी असते. त्या रात्रीसाठी जवळपास एखादे दार असावे, एवढेच तिला वाटत होते.

बैठकीत ज्यांना कुणी बोलावले नव्हते त्यांचे मत मला दुपारी स्वयंपाकघरात कळले. ताईकडे दिवसपाळीला येणाऱ्या मावशी मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. आता पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीत राहतात. मी विचारले, तुम्हाला काय वाटते? भांडे विसळता विसळता त्या म्हणाल्या, “तिथं दोघी-तिघी असू ना ताई. इथं एकटीनं उचलताना कंबर जाती. अन् बारा तास कुणाशी बोलायचं? आजोबा बोलत्यात, पन माझ्याशी न्हाई बोलत, त्येंच्या वडलांशी बोलत्यात.” थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक विचारले, तेथे आठवड्याची सुट्टी मिळेल का. अर्जावर सह्या करणाऱ्या कुणाच्याही यादीत हा प्रश्न नव्हता. शुश्रूषेचा दर्जा मात्र बराचसा त्याच्याच उत्तरावर ठरतो. ज्या घरात काम करणारी बाई थकलेली, त्या घरातला रुग्णही सुखात नसतो.

अर्जावरची पाचवी सही शेजारच्या बाईंची होती. त्या ८१ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान दीड वर्षापासून खडकवासल्याच्या पलीकडे एका केंद्रात आहेत. पुण्याभोवतीची अशी बरीच केंद्रे शहराबाहेरच सापडतात: सिंहगडाच्या वाटेला, मुळशीकडे, तळेगावच्या बाजूला. जागा स्वस्त, हवा चांगली, आणि आक्षेप घ्यायला शेजारी नाहीत. बाई दर गुरुवारी भेटायला जातात. त्या गुरुवारी मी त्यांच्याबरोबर गेले.

रिक्षा, मग बस, मग पुन्हा रिक्षा. एका बाजूला पावणेदोन तास. बसमध्ये चढताना वाहकाने हात दिला; पायरी फार उंच होती. सिंहगड रस्त्याची गर्दी मागे पडली की डाव्या-उजव्या हाताला शेते लागतात आणि धरणाचे पाणी दिसते. सहलीला जाणारी मंडळी कणसे खात उभी असतात. बाईंच्या मांडीवर शिऱ्याचा डबा होता आणि तो गार होऊ नये म्हणून त्यांनी तो टॉवेलात गुंडाळला होता. केंद्र स्वच्छ होते, माणसे मायाळू होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. भेटीची वेळ चार ते पाच. यजमानांनी त्यांना ओळखले की नाही ते मला कळले नाही. शिरा मात्र त्यांनी सगळा खाल्ला आणि बाईंचा पदर हातात धरून ठेवला. पाचला पाच मिनिटे असताना बाईंनी तो एकेक बोट सोडवून मोकळा केला. साडेपाचची बस चुकली तर पुढच्या बसला उभे राहावे लागते.

परतताना मी विचारायला नको ते विचारले. रोज चालत भेटता येईल असे केंद्र गल्लीतच होत असताना तुम्ही विरोधाची सही का केलीत?

त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. “ते इतक्या जवळ झालं, तर मुलगा म्हणेल, आई, आता तूही तिथंच राहा. बाबाही असतील. बंगला काय करायचा ते आम्ही बघतो.” मग म्हणाल्या, “लांब आहे तोवर मला घर आहे.”

एवढ्या आक्षेपांमध्ये खरा आक्षेप मला हाच वाटला, आणि तो कोणत्याही अर्जावर लिहिलेला नव्हता. वाहनतळ, कचरा, आवाज ही कारणे खोटी नव्हती; पण त्यांच्याआड ही भीती उभी होती. तिला उत्तर केंद्र चालवणाऱ्यांकडे नाही. ते मुलांकडे आहे, आणि आधी स्वतः त्या माणसाकडे: आपल्याला कोठे, कोणत्या अवस्थेपर्यंत राहायचे आहे हे हातपाय चालते आहेत तोवर लिहून, सांगून ठेवण्याकडे. मी बाईंना तसे म्हटले. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती असे मी म्हणणार नाही.

पुढच्या आठवड्यात एक अनपेक्षित गोष्ट घडली. त्या जोडप्याने गल्लीतील लोकांना बंगला पाहायला बोलावले, आणि पाटबंधारे खात्यातले गृहस्थ मोजपट्टी घेऊन हजर झाले. न्हाणीघराचे दार अडीच फुटांचे निघाले. चाकाची खुर्ची आरामात जायची तर तीन फूट हवेत. जोते अडीच फूट उंच. दर फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार धरला तर तीस फुटांचा उतार लागेल, आणि तो सरळ काढायचा तर बुचाचे झाड आड येते. यावर ते आणि तो तरुण फिजिओथेरपिस्ट तासभर अंगणात खडूने रेघा मारत होते. झाड वाचवून, मध्ये सपाट टप्पा घेऊन, उतार वळवता येतो असे निघाले. मग त्यांनी आपली जुनी यादी नव्याने लिहिली. खाटा १८ नव्हे, १०, आणि त्या सर्व तळमजल्यावर. वरचा मजला कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीसाठी. रुग्णवाहिका उभी राहील एवढी जागा आवाराच्या आत. रक्ताने-पुवाने भरलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सुया न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात, आणि त्या उचलणाऱ्या अधिकृत संस्थेशी लेखी करार. अग्निशमन दलाचा दाखला. तेथे वैद्यकीय उपचार होणार असतील तर शुश्रूषागृहांच्या १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी. रात्री दोन वाजता जागे कोण असेल, त्यांची संख्या. आणि भेटीला वेळेचे बंधन नाही. हा मुद्दा ताईने सांगितला. मावशींच्या सुट्टीचा मुद्दा मी सांगितला, तोही त्यांनी लिहून घेतला, जरा आश्चर्याने.

जोडप्याने यादी घेतली. १० खाटांत खर्चाचा मेळ बसतो का हे पाहून कळवू, असे ते म्हणाले. परिचारिकाबाई मोकळेपणाने बोलल्या, की १८ हा आकडा भाड्यावरून आला आहे, रुग्णांवरून नव्हे. मला त्यांचा तो प्रामाणिकपणा आवडला. पण भाडे १० खाटांनी भरत नाही, हेही खरे, आणि आकारणी वाढली तर गल्लीतील निम्म्या घरांना ती झेपणार नाही. तरुण बाप अजून विरोधात आहे. आजी कुणाच्याच बाजूने नाहीत. त्यांना फक्त तेथे संध्याकाळी रामरक्षा म्हणतील का ते हवे आहे. अर्ज मागे घेतलेला नाही. करारावर सही झालेली नाही.

मी वाईला परत निघाले त्या दिवशी सकाळी, पाळी बदलून गल्ली शांत झाल्यावर, शेजारच्या बाई काठी घेऊन फाटकाबाहेर आल्या. मी पिशवी घेऊन रिक्षाची वाट पाहत होते. त्या माझ्याकडे न पाहता बंगल्याच्या दिशेने चालू लागल्या. वळणावरच्या कट्ट्यावर एकदा बसल्या, पुन्हा उठल्या, बुचाच्या झाडाखाली पोहोचून फाटकाला हात लावला आणि तशाच परत आल्या. माझ्याजवळ येऊन त्यांनी मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ नेले.

“जायला सात मिनिटं,” त्या म्हणाल्या. “बसण्याची धरून.”